नेहमीची रचना

सरांनी दुसऱ्यांदा "क्लिप" म्हटलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पहिल्यांदा म्हटलेलंही आपल्याला ऐकू आलं होतं. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सरांचा शब्द पुरा व्हायच्या आत वस्तू त्यांच्या तळहातावर असायची, तीसुद्धा ज्या बाजूने धरायची त्या बाजूने. सर पडद्यावरची नजर न काढता हात मागे करायचे आणि हात भरायचा. ऑपरेशन थिएटरमधल्या बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, तुम्हा दोघांना बोलायची गरजच काय, उगाच तोंड हलवता. आज तो हात रिकामा राहिला. रबरी मोज्यातला, बोटं किंचित दुमडलेला, काही मागणारा हात. दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात तिने पडद्याकडे पाहिलं होतं. पित्ताची पिशवी चिमट्याने वर ओढून धरलेली होती, चरबी बाजूला सारली होती आणि मधोमध ती नळी ताणून उभी होती. रुंद. जरा जास्तच रुंद. पिशवीची नळी काडीएवढी असते. ही पेन्सिलीएवढी होती, तिच्या अंगावरून केसासारखी एक लाल रेघ गेली होती, आणि खाली ती आतड्याच्या मागे शिरत होती. म्हणजे ही पिशवीची नळी नव्हतीच. यकृतातून निघून सगळं पित्त खाली नेणारी ती मोठी नळी होती, जिला कुणी हात लावायचा नसतो. "सिस्टर, क्लिप," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. तिने दिली. ती नळीला पुरली नाही. "जाड दिसते जरा. मोठी द्या," सर म्हणाले, आणि तिने मोठी दिली. मग आणखी एक, मग आणखी एक, मग कात्री. कात्री मात्र तिने नेहमीसारखी दिली, शब्द पुरा व्हायच्या आत.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, हात धुतले, आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, रोज उघडायची म्हणून. शरीररचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, तोही घरबसल्या. वर्ष होत आलं होतं. नवरा तिला "प्रोफेसरीणबाई" म्हणायचा. तो गाडी चालवायला शिकवायचा, दिवसभर लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून यायचा आणि संध्याकाळी तिच्यासमोर चहाचा कप ठेवून पडद्यावरच्या यकृताकडे बघत म्हणायचा, "हे जरा पलीकडे फिरव की, माझा कप ठेवायला जागा कर." आणि ती खरंच बोटाने ते यकृत फिरवायची. बोटाने फिरणारं, हवं तर पारदर्शक होणारं, नको असेल तेव्हा एका टिचकीत नाहीसं होणारं यकृत. एकोणीस वर्षं ती उघड्या पोटापासून वीतभर अंतरावर उभी राहिली होती आणि तिला त्यातलं नीटसं काहीच ठाऊक नव्हतं. नर्सिंग शिकताना चार आकृत्या पाठ केल्या होत्या, त्या परीक्षेबरोबर पुसून गेल्या. ती पिवळं म्हणायची, मागचं म्हणायची, ते धडधडणारं म्हणायची. चिमट्यांची नावं मात्र सगळी पाठ. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर भांडी पुसावीत आणि चव माहीत नसावी, तसं तिला चाळिशीत एकदम वाटू लागलं, आणि तिने अर्ज केला. शिफारसपत्र सरांनीच दिलं. शिकवणाऱ्या बाई दूरच्या कुठल्याशा देशात, पिकल्या केसांच्या, एका तळघरासारख्या खोलीत उभ्या असत. समोर झाकलेला देह, आणि वरून कॅमेरा. पहिल्या दिवशी तिला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की वास येत नव्हता. बाई कातडीचा पदर उलगडत आणि तिच्या नाकाला शेजारच्या घरातल्या धुण्याच्या साबणाचा वास येई. बाईंच्या भोवती पडद्यावर पंधरावीस चौकोन, त्यांत कुणी दातांचे डॉक्टर, कुणी व्यायाम शिकवणारे, कुणी नुसतंच नाव. तिचाही एक चौकोन होता. त्यात ती सरळ बसायची, वर्गात बसल्यासारखी.

आणि त्याच बाईंनी, परवाच, अगदी परवा मंगळवारी, पित्तनळ्या शिकवल्या होत्या. पिशवी जोरात वर ओढली की दोन्ही नळ्या एका रेषेत येतात आणि एकच वाटतात, असं त्या म्हणाल्या होत्या. मग त्यांनी चिमट्याने ओढून दाखवलं, आणि खरंच, दोनाची एक झाली. "इथे चुकतात ते शिकाऊ लोक नव्हेत," बाई म्हणाल्या होत्या. "ज्यांनी हजार केल्या आहेत ते चुकतात. त्यांना जे दिसायला हवं असतं तेच दिसतं." तिने ते वहीत लिहून घेतलं होतं. परवा लिहून घेतलं होतं. मधे फक्त बुधवार गेला होता.

तरी मन म्हणत होतं, की कदाचित नव्हतीच रुंद. जे नुकतंच शिकलं तेच सगळीकडे दिसतं, नवा शब्द कळला की तो प्रत्येक पाटीवर दिसतो, तसं. आणि पंधरवड्यापूर्वी झालंच होतं ना तसं. एका साध्या ऑपरेशनमध्ये ती न विचारता बोलून गेली होती, "सर, ही उजवी धमनी ना, यकृताची?" सर थांबले होते, बघितलं होतं, आणि म्हणाले होते, "नाही सिस्टर, ही चरबीची पट्टी आहे." मग भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे वळून, "सांभाळून हं आता, सिस्टर आपल्याला नापास करणार आहेत." सगळे हसले. तीही हसली, मास्कच्या आत. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सरांच्या तर नव्हतंच. जाताना ते तिला म्हणाले होते, विचारत जा, छान वाटतं. पण मास्कच्या आत तिचे गाल किती तरी वेळ तापलेले होते, आणि तो ताप आज, रिकामा हात समोर असताना, पुन्हा चढला होता. बोलावं आणि ती चरबीची पट्टी निघावी. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीपायी.

की त्याच्याही मागचं काही होतं? वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एक टेबल आणि एक काच. ती शाळेतून येऊन शेजारच्या स्टुलावर बसायची. एका डोळ्याला भिंग लावलेले वडील श्वास धरून चिमट्याने चाक बसवायचे, आणि त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. एकदा तिला दिसलं की चाक उलटं बसतंय. "बाबा, ते उलटं—" एवढंच ती म्हणाली आणि वडिलांचा हात हलला. केसाएवढी स्प्रिंग वाकडी झाली. ते रागावले नाहीत, भिंग काढून नुसते तिच्याकडे बघत राहिले, आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चाक उलटंच होतं, पण त्याबद्दल कधी विषयच निघाला नाही. हे आठवून तिला क्षणभर बरं वाटलं, मग स्वतःचीच चीड आली. कारण हवं असलं की मन कुठूनही उकरून आणतं. चाळीस वर्षांची बाई, हातात क्लिप, आणि म्हणे बाबा बोलले नव्हते.

पेशंट पोहायला शिकवणारी होती. पस्तिशीची, रुंद खांद्यांची, केस क्लोरीनने तांबूस झालेले. टेबलावर घेतल्यावर ती सारखी बोलत होती, घाबरलेली माणसं बोलतात तशी. "मला आकडे मोजायला लावणार का हो? मी पाण्याखाली दोन मिनिटं राहते. मोजत बसले तर तुमचं औषध संपेल, मी जागीच." तिने त्या बाईचा हात धरला होता. नेहमी धरायचीच ती. भूल चढेपर्यंत हात धरायचा हा तिने स्वतःपुरता घालून घेतलेला नियम होता. "पोरांना मी सांगते, पाण्यावर भरवसा ठेवा, ते उचलतं," बाई म्हणाली, "आता माझी पाळी." आणि सातव्या आकड्याला तिची बोटं सैल झाली.

पहिल्या दिवशी पेशंट ठीक होती. दुसऱ्या दिवशीही. ती वॉर्डातल्या सिस्टरला सहज विचारल्यासारखं विचारायची आणि उत्तर ऐकून जिना उतरताना पायऱ्या मोजायची. शनिवारी दुपारी शिकवणाऱ्या बाईंचा तास होता. तिने कॅमेरा बंद ठेवला, आपला चौकोन काळा केला. चौथ्या दिवशी सकाळी ती स्वतःच वॉर्डात गेली. पेशंट खिडकीकडे तोंड करून बसली होती, पावलं ऐकून वळली, आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं होतं. फार नाही. जुन्या कागदाला येतो तेवढा रंग. "अंगाला खाज सुटलीय हो," ती म्हणाली, "पण तुम्ही आलात, बरं वाटलं. तुमचाच ना तो हात?" तिने हो म्हटलं. पुढे काही तरी बोलायला हवं होतं. "पाणी पीत जा," ती म्हणाली.

त्याच दिवशी पेशंटला मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथे पुन्हा पोट उघडलं, या वेळी दुर्बिणीतून नाही, चांगलं वीतभर. आतड्याचा तुकडा वर नेऊन यकृताला जोडला. जोड आवळत गेला, ताप येऊ लागला, मग बरगडीखालून एक नळी बाहेर काढली आणि तिला पिशवी लावली. हे सगळं तिला तुकड्यातुकड्याने कळत गेलं, ऑपरेशन थिएटरमध्ये, चहाच्या वेळी, कुणाच्या तरी फोनवरून. कुणी चूक हा शब्द वापरत नव्हतं. सरांनी पित्ताशयाची ऑपरेशनं घेणं थांबवलं. विचारलं तर म्हणायचे, खांदा दुखतो.

नवऱ्याला तिने आठवडाभराने सांगितलं, रविवारी सकाळी, तो गाडीच्या काचा पुसत असताना. त्याने फडकं पिळलं, वाळत घातलं, मग म्हणाला, "माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी दाबतो. तुझ्या पायाखाली होता का ब्रेक? नव्हता. मग तू कशी थांबवणार होतीस?"

"मला तोंड होतं," ती म्हणाली.

त्याने बादलीतलं पाणी ओतून दिलं. त्या दिवसापासून त्याने तिला प्रोफेसरीणबाई म्हणणं सोडलं. त्याने समजून उमजून, प्रेमाने सोडलं हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. संध्याकाळी तो कप हळूच ठेवायचा आणि आत निघून जायचा. ती यकृत फिरवत बसायची. अभ्यास सोडावा असं रोज वाटायचं आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ बसायची. नळ्यांच्या जितक्या म्हणून तऱ्हा असतात तितक्या तिने पाठ केल्या: आखूड, लांब, वळसा घालून मागून येणाऱ्या, चुकून दोन असलेल्या. ज्यांच्या बाबतीत फसगत होऊ शकते अशा सगळ्या. आणि दर वेळी डोळ्यांपुढे ती एकच येई, त्यांतली कुठलीच नसलेली. त्या बाईच्या पोटात सगळं पुस्तकातल्यासारखं होतं. जिथे असायला हवं तिथे, जेवढं असायला हवं तेवढं. बाई तळघरातून म्हणायच्या ना, अशी स्वच्छ रचना क्वचित बघायला मिळते, तशी. त्या धड्याच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाईंनी शेरा लिहिला होता, "तुमची नजर उत्तम आहे." तिने लॅपटॉप मिटला.

सरांकडे जायला तिला दोन महिने लागले. दुपारची वेळ होती, बाहेरचे रुग्ण संपले होते, सर खोलीत एकटे संत्रं सोलत बसले होते. साली एका कागदावर नीट रचून ठेवत होते. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

"सर, त्या दिवशी मला दिसलं होतं."

कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही. "काय दिसलं होतं?"

"नळी मोठी होती. तीच होती, मोठी."

"क्लिप लावायच्या आधी दिसलं, की नंतर?"

"आधी."

सर हातातल्या फोडीकडे बघत राहिले. तिला वाटलं आता ते ओरडतील. ओरडावं असं तिला फार वाटत होतं. त्यांनी फोड खाली ठेवली आणि विचारलं, "मग बोलला का नाहीत, सिस्टर?"

ते खरंच विचारत होते. टोमणा नव्हता, राग नव्हता. वाट बघत होते उत्तराची. चरबीची पट्टी, मास्कमधलं हसू, वडिलांचं टेबल, सगळं घशाशी येऊन इतकं क्षुल्लक झालं की ते उच्चारण्याचीच लाज वाटली.

"मला दिसलं नाही," सर म्हणाले. "मी तिला नियमाने धरली, सोडवली, बघितली. मला आजही डोळे मिटले की पिशवीचीच नळी दिसते. दोनदा मागितली मी क्लिप. मला वाटलं, तुमचं लक्ष नाहीये." मग त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते कुणाचे तरी आजोबा दिसत होते. "मी पेशंटला गुंतागुंत झाली म्हणून सांगितलंय. चुकलो असं नाही सांगितलं. धीर नाही झाला. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा, मी अडवणार नाही, खरं सांगतो. पण मग सगळं सांगावं लागेल तुम्हाला. माझं तेवढं सांगून नाही भागायचं."

ती दार ओढून बाहेर आली. आत जाताना दोन माणसांची चूक होती असं तिला वाटत होतं; बाहेर आली तेव्हा हिशेब बदलला होता. ज्याला दिसलं नाही तो निदान आंधळा होता. तिने डोळस राहून मोठी क्लिप शोधून दिली होती. त्यानंतर ऑपरेशनला उभं राहिलं की तिला सगळंच भलतं दिसू लागलं. प्रत्येक नळी रुंद, प्रत्येक धमनी जागा सोडलेली. एकदा ती "थांबा" म्हणून ओरडली, तरुण सर्जन दचकून थांबला, आणि काहीच नव्हतं. दुसऱ्यांदाही काहीच नव्हतं. तिसऱ्यांदा तिला वरच्या सिस्टरने बोलावून घेतलं, पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, "थोडे दिवस खाली बस, गं. सामान निर्जंतुक करणाऱ्यांकडे माणूस हवंच आहे." खाली एक लांब खोली होती, वाफ, स्टीलचे ट्रे, आणि पडदा नव्हता. ती चिमटे मोजून कापडात बांधायची. सगळ्यांची नावं पाठ होतीच.

तिथेच एकदा निरोप आला, की पोहायला शिकवणारी बाई तपासणीसाठी आली आहे आणि तुम्हाला भेटायचं म्हणते. ती जिना चढून वर गेली आणि चढता चढता तिने ठरवलं, की आज सांगायचं. आधी स्वतःचं, मग सरांचं. शब्दही जुळवले. बाकावर बाई आईला घेऊन बसली होती. खांदे अजून रुंद होते, पण त्यांवरचं मांस गेलं होतं आणि झगा हँगरला लटकल्यासारखा दिसत होता. झग्याखाली डाव्या हाताने तिने काहीतरी सांभाळून धरलं होतं, पिशवी असावी.

"बसा ना," बाई म्हणाली, "तुम्हाला त्रास द्यायला आले. काय आहे, मला कुणी धड सांगतच नाही. तिकडचे डॉक्टर भराभरा बोलतात, आईला काही कळत नाही, मला अर्धं कळतं. नक्की कुठे काय आहे माझ्या पोटात? तुम्ही आत होता ना, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

आई म्हणाली, "रात्रंदिवस डोकं खाते माझं. सांगा बाई हिला एकदाचं."

तिने खिशातून पेन काढलं, तपासणीच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि मांडीवर काढायला लागली. यकृत आधी, मग पिशवी, मग दोन बाजूंनी येऊन मिळणाऱ्या नळ्या. "हे पित्त तयार होतं ते. इथून खाली येतं. ही पिशवी म्हणजे आडबाजूची टाकी, ती काढली तरी चालतं." बाई वाकून बघत होती, आईही वाकली. दोघींच्या श्वासाची ऊब तिच्या मनगटाला लागत होती. तिने कधी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि ते किती सोपं होतं. एकेक रेघ पडत होती आणि समोरच्या पिवळट डोळ्यांत काही उजळत होतं. "अच्छा," बाई म्हणत होती, "अच्छा, म्हणजे हा मेन पाइप." "हो." "आणि मग माझं कुठे बिनसलं?"

तिने पेन त्या जागेवर टेकवलं. शाईचा एक ठिपका पडला, पसरत गेला. आता. जिन्यात जुळवलेले शब्द होते, ओळीने उभे होते. बाई तिच्या तोंडाकडे बघत होती, पोरं पाण्यात उडी मारायच्या आधी बघतात तशी.

"काही जणांची आतली रचनाच वेगळी असते," ती म्हणाली. "जन्मापासून. नळ्या नेहमीच्या जागी नसतात. तुमची तशी होती. बाहेरून कळत नाही कुणाला."

बाई चक्क हसली. "बघ आई! तू म्हणतेस ना, माझं लहानपणापासून सगळंच जगावेगळं. आतूनसुद्धा वाकडीच निघाले मी."

"अगं, असतं एकेकाचं," आई म्हणाली, आणि तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. दोघींचेही चेहरे सैल झाले होते.

बाईने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "इतकं छान कुणीच समजावलं नाही हो. आता निदान कुणावर चिडायला नको." मग उठता उठता, पिशवी सावरत, तिला आठवलं. "आणि ते डॉक्टर, ते फार मनाला लावून घेतात म्हणे. भेटले की सांगा त्यांना, माझ्याच नळ्यांमुळे त्यांना ताप झाला. माफी मागितलीय म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली.